बाळाच्या पोटातले जंतू: पहिल्या दिवसापासून काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही

नात्यात कुणाकडे बाळ झालं की मला फोन येतोच, कारण मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि घरच्यांच्या मते जंतू म्हणजे माझं खातं. प्रश्न ठरलेले. सिझर झालंय तर आता बाळाच्या पोटात चांगले जंतू जाणार कसे, मेडिकलवाला अमुक थेंब देतोय ते घेऊ का, गुटी कधी सुरू करू, शी हिरवी का झाली. दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय, ज्याला पाहिजे त्याने फॉरवर्ड करा. मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा, आणि बाळाला ताप असेल किंवा दूध ओढत नसेल तर हे वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. बाळाच्या पोटात चांगले जंतू आपण घालायचे नसतात, ते येतातच, आईकडून, घरच्यांच्या हातांवरून, अंगावरून, हवेतून. आपल्याला बघायचं ते एवढंच की त्यांना खायला मिळतंय, आणि त्यांचं बस्तान बसायच्या आत भलतंसलतं काही बाळाच्या तोंडात जात नाहीये. बाकी सगळा बाजार आहे.

आता होतं काय ते बघा. गर्भात असताना बाळाचं आतडं जवळपास रिकामंच असतं. जन्मताना आणि त्यानंतरच्या काही तासांत पहिले पाहुणे शिरतात, ई कोलाय, एंटरोकोकस वगैरे, ज्यांना ऑक्सिजन असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो. ई कोलाय म्हटलं की लोक दचकतात पण बहुतेक ई कोलाय निरुपद्रवी असतात, आणि तो सापडलाच मुळी बाळांच्या शीत, 1885 साली थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाला, म्हणून तर नावात ई. ही मंडळी आतला उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मग ज्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही ते जंतू वाढायला लागतात, त्यातला महत्त्वाचा म्हणजे बिफिडोबॅक्टेरियम. हा 1899 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे हेन्री टिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत शोधला. मोकळ्या प्लॉटवर पाऊस पडला की आधी जे मिळेल ते उगवतं आणि ज्याला खतपाणी मिळतं तेच शेवटी टिकतं, तसंच हे, म्हणून पहिल्या आठवड्यात आत कोण आलं यापेक्षा पुढे कुणाला खायला मिळालं याला जास्त महत्त्व आहे.

आणि खतपाणी म्हणजे आईचं दूध. मला स्वतःला या विषयातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच. आईच्या दुधात पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि फॅट यांच्यानंतर सगळ्यात जास्त काय असेल तर ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा, दीडशेच्या वर प्रकार सापडलेत, आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचवताच येत नाहीत! मग आईचं शरीर एवढी मेहनत करून त्या बनवतं कशाला, तर त्या मोठ्या आतड्यापर्यंत जशाच्या तशा पोचतात आणि तिथे बिफिडो त्यावर ताव मारतो, खास करून त्याचा इन्फँटिस हा प्रकार, त्याच्याकडे त्या साखरा तोडायचं सगळं सामान असतं जे बाकीच्यांकडे सहसा नसतं. खाऊन झालं की तो अॅसेटिक आणि लॅक्टिक अॅसिड सोडतो, आतडं आंबट होतं, आणि आंबट वातावरणात त्रासदायक जंतूंची डाळ शिजत नाही. म्हणजे आई एकाच दुधात बाळाचा आणि बाळाच्या जंतूंचा असे दोन डबे भरून देते.

जन्मल्यापासून पहिले दोन दिवस

डिलिव्हरीच्या आधीच डॉक्टरांना आणि लेबर रूमच्या सिस्टरना सांगून ठेवा की बाळ बाहेर आलं की आईच्या उघड्या छातीवर द्या, कातडीला कातडी, वरून दुपटं. सिझर असलं तरी होतं, आईला स्पायनल (कमरेखालचं अंग बधिर करणारं इंजेक्शन) दिलेलं असेल आणि दोघं ठीक असतील तर टेबलावर किंवा रिकव्हरीत आल्या आल्या. आणि तासाभरात पाजायचं. पहिलं घट्ट पिवळं दूध फेकू नका, प्लीज, अजूनही लोक पिळून टाकतात. त्यात त्या साखरा नंतरच्या दुधापेक्षा जास्त असतात आणि आयजीए नावाच्या अँटीबॉडी भरपूर. थेंबभरच येतंय म्हणून घाबरू नका, पहिल्या दिवशी बाळाचं पोटच एवढुसं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के निघाली, आता बाळंतपणं तर बहुतेक दवाखान्यातच होतात, मग हे का होतं ते तुम्हीच बघा.

साखरेचं पाणी, गुळाचं पाणी, मध चाटवणं, कुणा भाग्यवान माणसाच्या बोटाने चाटवणं, यातलं काही नाही. अंघोळ निदान 24 तास तरी लांबवा. अंगावरचा तो पांढरा चिकट थर घासून काढायची कुणाला घाई असते मला कळत नाही, तो राहू द्या.

जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात, त्याला नको म्हणू नका. आपल्या आतड्यातले जंतू हे व्हिटॅमिन थोडंफार बनवतात, बाळाकडे ते अजून आलेलेच नसतात आणि आईच्या दुधात ते कमी असतं, त्यामुळे रक्त गोठायला अडचण येऊ शकते. काविळीचंही थोडं असंच आहे. बिलिरुबिनचं, म्हणजे काविळीतल्या त्या पिवळ्या रंगद्रव्याचं, रूपांतर करून ते शीवाटे बाहेर काढायला मदत करणारे जंतू आत नसतात, त्यामुळे आतड्यात आलेलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं, म्हणून डॉक्टर सारखं सांगतात की पाजत राहा, शी होऊ द्या. काविळीवर कोवळं ऊन दाखवत घरी बसणं हा उपाय नाही, पिवळेपणा पोटापर्यंत किंवा पायापर्यंत उतरला असेल तर तपासणी करून घ्या.

सिझर झालं असेल तर

महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणात 25.4 टक्के बाळं सिझरची होती, म्हणजे चारातलं एक, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळ्या नाही आहात. फरक पडतो का, तर हो पडतो. इंग्लंडमध्ये 2019 साली जवळजवळ 600 बाळांच्या शीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सिझरच्या बाळांमध्ये आईकडून येणारे जंतू कमी आणि दवाखान्यात सापडणारे एंटरोकोकस, क्लेब्सिएला असले जास्त दिसले. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की वर्षाच्या आत हा फरक बराचसा मिटतो, बॅक्टेरॉइड्स नावाचा गट तेवढा मागे राहतो. आणखी एक, नॉर्मल झालेल्या बाळांनाही जे मिळतं ते मुख्यत: आईच्या आतड्यातलं, योनीमार्गातलं नव्हे. त्यामुळे नेटवर वाचून कुणी योनीतला स्राव गॉजने बाळाच्या तोंडाला लावायचं म्हणत असेल तर नको, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्येच सांगितलंय की संशोधनाबाहेर हे करू नका, हर्पीस, ग्रुप बी स्ट्रेप असला काहीतरी संसर्ग बाळाला व्हायचा.

मग करायचं काय? जे नॉर्मलवाल्यांनी करायचं तेच, फक्त जास्त चिकाटीने. टाके दुखत असतात, बसता येत नाही, दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणतं पोर उपाशी आहे गं, आणा डबा. आडवं पडून पाजायला शिका, सिस्टरला धरून बसवा, नवऱ्याला कामाला लावा की बाळ उचलून आणून दे. वरचं दूध डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि स्वत:ला दोष देत बसू नका, सिझर गरज होती म्हणून झालं, संपलं.

शी बघायला शिका

घरात बसून जंतूंचा अंदाज घ्यायचा तर शीसारखं साधन नाही. पहिल्या 24 तासांत काळी हिरवी, डांबरासारखी चिकट शी व्हायला पाहिजे, नाही झाली तर डॉक्टरांना सांगा. तीन-चार दिवसांत ती हिरवट तपकिरी होते आणि पाचव्या दिवसाच्या आसपास मोहरीच्या रंगाची, पातळ, मधे मधे दाणे असलेली, वास जरासा आंबट. हा आंबट वास म्हणजे बिफिडो कामाला लागला. अंगावर पिणारं बाळ दर पाजण्याला शी करेल किंवा दीड-दोन महिन्यांनंतर चार-पाच दिवस करणारही नाही, मऊ होतेय आणि बाळ मजेत आहे तर दोन्ही चालतं. लगेच विड्याच्या पानाचा देठ वगैरे घालू नका. अधूनमधून हिरवी झाली तरी काही बिघडत नाही.

घाबरायचं कधी? शी पांढरी किंवा मातीसारखी फिकट असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण पित्ताची नळी बंद असू शकते आणि त्याचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं असतं. रक्त दिसलं, पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, पहिला आठवडा उलटून गेल्यावरही दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लंगोट ओले होतायत, यातलं काहीही असलं तरी थांबू नका. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा घरी येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवू नका, बाळ उघडं करून दाखवा, वजन करायला लावा.

गुटी, मध, तीर्थ, ग्राइप वॉटर

इथे मला शिव्या बसणार आहेत, बसू देत.

मध एक वर्षापर्यंत नाही, थेंबभर सुद्धा नाही, घरचा असो, जंगलातला असो, त्र्यंबककडून कुणी ओळखीच्याने पोळं काढून आणलेला असो. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. तुम्ही आम्ही खाल्ले तर काही होत नाही कारण आपल्या आतड्यात जंतूंची एवढी गर्दी असते की त्यांना उगवायला जागाच मिळत नाही. बाळाच्या आतड्यात ती गर्दी नसते, तिथे ते उगवतात आणि विष तयार करतात. आधी शी बंद होते, मग रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही, मान आणि अंग लुळं पडतं. मध उकळून घेतला म्हणून हे बीजाणू मरत नाहीत. प्रमाण दुर्मिळ आहे हे खरं, पण द्यायची गरज काय आहे?

गुटी. मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड, सगळं सहाणेवर उगाळून बोंडल्याने द्यायचं. औषधांवर माझा राग नाही, माझा प्रॉब्लेम सहाणेशी आहे. ती सहाण वर्षानुवर्षं कपाटात पडलेली, नीट धुतलेली नाही, वेढे मोजले जातात पण पाणी उकळलंय का ते कुणी विचारत नाही, आणि ते सगळं अशा पोटात जातं जिथे अजून बंदोबस्तच लागलेला नाही. शिवाय जायफळ जास्त झालं की गुंगी येते, आणि घरात म्हणतात बघा गुटीने कसं शांत झोपलं. सहा महिने थांबा. सासूबाईंशी भांडू नका, आजींना काहीतरी काम हवं असतं हो, त्यांना मालिश द्या, बाळंतिणीचे डिंकाचे-अळिवाचे लाडू द्या, शेपूची भाजी द्या, आणि गुटीचं नाव निघालं की 'आई, डॉक्टरांनी सहा महिने नको सांगितलंय' असं डॉक्टरांवर ढकला. डॉक्टर असतात कशाला.

तीर्थ हा आपल्या नाशिकचा स्पेशल विषय. बाळाला बघायला येणारा पाहुणा पंचवटीत उतरतो, रामकुंडावर जातो आणि येताना बाटली भरून आणतो, सिंहस्थात तर विचारायलाच नको. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, श्रद्धा माझीही आहे, पण ते पाणी बाळाच्या ओठाला लावू नका. घरात शिंपडा, देवापाशी ठेवा. साधं पाणीसुद्धा सहा महिने लागत नाही, एप्रिल-मेच्या उन्हातही नाही, आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. जास्त वेळा पाजा, आई पाणी पिऊ दे.

ग्राइप वॉटरबद्दल एका वाक्यात, गरज नाही. बाळं साधारण दीड महिन्याची असताना सगळ्यात जास्त रडतात आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं, मग जे औषध तेव्हा चालू असेल त्याला क्रेडिट मिळतं.

थोडक्यात सहा महिने आईचं दूध, लसीचे थेंब, डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब, आणि लागलंच तर औषध. रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे असते, ती चुकवू नका, हगवणीने जंतूंची सगळी घडी विस्कटते.

वरचं दूध द्यावंच लागलं तर

काही जणींना खरंच द्यावं लागतं, त्यांना टोमणे मारणाऱ्यांनी आधी स्वत: एक रात्र जागून दाखवावी. फॉर्म्युल्यावरच्या, म्हणजे डब्यातल्या पावडरच्या दुधावरच्या, बाळाच्या पोटातही जंतू नीटच बसतात, फक्त मिश्रण वेगळं असतं, बिफिडो जरा कमी आणि मोठ्या माणसांसारखे जंतू लवकर. थोडं अंगावरचं चालू ठेवता आलं तर ठेवा. पावडर निर्जंतुक नसते हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, म्हणून पाणी उकळून, थोडंच निवू देऊन, 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, मग निववून द्यायची. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, स्वच्छ करायला सोपं. उरलेलं दूध नंतर पाजू नका. गाईचं-म्हशीचं दूध प्यायला म्हणून वर्षाच्या आत नाही, पाणी घालूनही नाही.

अँटिबायोटिक आणि ते थेंब

अँटिबायोटिकने बिफिडो कमी होतात, हे खरं. पण नवजात बाळाला सेप्सिसची (संसर्ग रक्तात, अंगभर पसरण्याची) शंका असेल तेव्हा जंतूंची काळजी करत बसायचं नसतं, औषध चालू करू द्या, जीव वाचला की जंतू परत येतील, आईचं दूध चालू असेल तर लवकर येतील. चूक होते ती नंतर, सर्दी झाली म्हणून थोरल्या भावंडाच्या उरलेल्या बाटलीतलं पाजणं, किंवा मेडिकलमधून सांगून आणणं. साध्या व्हायरल सर्दीला अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो.

प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगले जंतू घातलेल्या त्या थेंबांचं आणि पुड्यांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच. आपल्याच देशात ओडिशातल्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या टीमने 4556 नवजात बाळांवर ट्रायल केली, 2017 मध्ये ती नेचरमध्ये आली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट प्रकार आणि सोबत त्याचं खाणं असं सात दिवस दिलं, तर सेप्सिस आणि मृत्यू मिळून प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. जबरदस्त काम आहे. पण ती बाळं अंगावर पिणारी होती, जंतूचा प्रकार ठरलेला होता, मात्रा ठरलेली होती, आणि मेडिकलच्या काउंटरवरची पुडी म्हणजे ते नव्हे. उलट बाजूने, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, 2023 मध्ये इशारा दिला की दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक दिल्यावर तोच जंतू रक्तात शिरून गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळाला काय द्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील, आणि घरी असलेल्या, पूर्ण दिवसांच्या, पिणाऱ्या, हसणाऱ्या बाळाला काही लागत नाही. त्या पैशात आईला फळं आणा.

सहा महिन्यांनंतर

आता मजा. वरचं खाणं सुरू झालं की आत नवीन जंतू येतात, डाळी-धान्यांचे तंतू खाणारे, शीचा वास एकदम मोठ्या माणसासारखा होतो (नवऱ्याला डायपर बदलायला आधीच शिकवून ठेवा). आपल्याकडे यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. नागली (नाचणी) आहे, पेठ-सुरगाण्याकडची मिळाली तर उत्तम, भिजवून मोड आणून वाळवून दळायची आणि तिची पातळ खीर, साखर-मीठ न घालता. मुगाची मऊ खिचडी, वरण-भात तूप घालून, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं, भोपळा, गाजर. सात-आठ महिन्यांपासून घरचं ताजं दही दोन चमचे. एका वेळी एक नवीन पदार्थ, दोन-तीन दिवस बघायचं, मग पुढचा. अंगावरचं दूध बंद नाही करायचं, दोन वर्षं आणि पुढेही चालू शकतं. आणि द्राक्षं! आपल्याकडे सीझनमध्ये घरोघरी पेट्या येतात, कुणीतरी कौतुकाने बाळाच्या हातात अख्खं द्राक्ष देतं, ते घशात अडकतं. उभे चार काप करून, तेही बाळ नीट बसून खायला लागल्यावर.

साधारण तीन वर्षांपर्यंत हे जंतू मोठ्या माणसांसारखे होत जातात, तोवर बदलत राहतात. त्यामुळे रांगतं बाळ खेळणं तोंडात घालतंय, घरातलं कुत्रं त्याला हुंगतंय, थोरली ताई पापे घेतेय, हे सगळं चालू द्या, सर्दी-खोकलावाल्यांना तेवढं लांब ठेवा. हात धुवायचे ते शी काढल्यावर आणि भरवायच्या आधी, साबणाने. दिवसातून चार वेळा फरशीवर जंतुनाशक ओतायची गरज नाही, साध्या पाण्याने पुसली तरी पुरते, आणि फिनाईल वापरलंच असेल तर फरशी कोरडी होऊन वास जाईपर्यंत बाळाला खाली सोडू नका.